अभ्यासक्रमात वंदना आहे, प्रयोगशाळा कुठे आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या नऊ विषयांच्या अभ्यासक्रमांचा मसुदा जाहीर केला आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या. त्या नऊ विषयांत रसायनशास्त्र होते. मसुदा उघडला की आरंभीच सरस्वतीला वंदन! पुढे प्राचीन भारतातील परमाणुविचार, आणि आपल्या परंपरेतली आंबवलेली पेये म्हणून कांजी, ताडी आणि मोह. देशभरात यावर चार दिवस चर्चा झाली. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी टर उडवली. मग वर्तमानपत्रांना दुसरे विषय मिळाले आणि रसायनशास्त्र पुन्हा विस्मरणात गेले.

आम्हाला मात्र हा विषय एवढ्यावर सोडता येत नाही. कारण ज्या मोहाच्या झाडाचे नाव त्या मसुद्यात आले, ते झाड आमच्या गोंदिया जिल्ह्यात शेताच्या बांधावर उभे आहे. आणि त्याच झाडाखाली पहाटे फुले वेचून कॉलेजची बस पकडणारी मुलगी बीएस्सीला रसायनशास्त्र शिकते आहे. तिच्या अभ्यासक्रमात काय असावे हे दिल्लीत ठरते. पण तिला त्या अभ्यासक्रमातले काय मिळते, याची चौकशी करायला कोणी येत नाही. ती चौकशी आज आम्ही करणार आहोत.

सडक अर्जुनीची विद्यार्थिनी काय शिकते?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी सडक अर्जुनी हा एक. मुंबईहून कोलकात्याला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेला म्हणून सडक अर्जुनी, आणि दुसरी ती अर्जुनी मोरगाव. तालुक्यात धानाची शेती, मालगुजारी काळातले तलाव, एका बाजूला नवेगावबांधचे तर दुसऱ्या बाजूला नागझिऱ्याचे जंगल. कोहमाऱ्याच्या फाट्यावरून गोंदियाला जायला पन्नासेक किलोमीटर, सौंदडला रेल्वे. येथे बौद्ध, गोंड, गोवारी, ढिवर, कुणबी, पोवार असा सारा कष्टकरी समाज राहतो. या समाजातली मुले आता विज्ञान शाखेकडे वळू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण वळणे आणि पोहोचणे यात फार अंतर असते, बंधूंनो!

बीएस्सीच्या रसायनशास्त्रात शिकवतात तरी काय? पहिल्या वर्षी अणूची रचना, आवर्तसारणी, रासायनिक बंध, कार्बनी संयुगांची ओळख, वायूंचे नियम. दुसऱ्या वर्षी उष्मागतिकी, अभिक्रियेचा वेग, अल्कोहोल आणि फिनॉल, धातूंची जटिल संयुगे. तिसऱ्या वर्षी वर्णपटशास्त्र, पुंजयांत्रिकीची तोंडओळख, औषधे, रंगद्रव्ये, बहुवारिके. त्यासोबत प्रॅक्टिकल : अनुमापन, क्षारांचे विश्लेषण, कार्बनी पदार्थाची ओळख आणि त्याचे शुद्धीकरण. पूर्वी नागपूर विद्यापीठात तीन विषय घेऊन तीन वर्षांत पदवी होत असे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, श्रेयांक अशी नवी मांडणी आली. कागदावर पाहिले तर हा अभ्यासक्रम जगातल्या कोणत्याही पदवी अभ्यासक्रमापेक्षा फार मागे नाही.

पण कागद आणि ब्युरेट यांची भेट होते का? दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला अकरावीत अचानक सारे विज्ञान इंग्रजीत मिळते. 'ऊर्ध्वपातन' हा शब्द तिला ठाऊक असतो. 'डिस्टिलेशन' म्हणजे तेच, हे सांगणारा कोणी भेटत नाही. ती हुशार असूनही गप्प बसते आणि वर्गात तिच्या गप्प बसण्याला 'ढ' म्हणतात. ग्रामीण भागातल्या किती महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात स्वतंत्र ब्युरेट येते? चौघांत एक ब्युरेट, एक जण अनुमापन करणार आणि तिघे रीडिंग उतरवून घेणार, हे चित्र आम्ही विदर्भात डोळ्यांनी पाहिले आहे. रसायने संपली म्हणून प्रयोग फळ्यावरच उरकला जातो आणि जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून पूर्ण होते. असा विद्यार्थी पदवीधर होतो, पण रसायनशास्त्रज्ञ होत नाही. मग मुलाखतीत त्याला नाकारले जाते आणि दोष मात्र आरक्षणाच्या माथी मारला जातो!

सेमिस्टर परीक्षांचे वेळापत्रक पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. कष्टकऱ्यांच्या घरात वर्षभराचा रोख पैसा येण्याचे हेच दिवस, आणि उन्हाळी परीक्षेचेही हेच दिवस. शहरातला मुलगा तेव्हा शिकवणीला जातो. आमची मुलगी पहाटे चारला टोपली घेऊन जंगलात जाते. दोघांची प्रश्नपत्रिका एकच. याला समान संधी म्हणायचे असेल तर आम्हाला शब्दकोश बदलावा लागेल.

शुद्ध कशाला म्हणायचे?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आंबेडकरी समाजाच्या मुलांनी रसायनशास्त्र का शिकावे? नोकरीसाठी, हे तर खरेच. पण त्याहून मोठे कारण आहे. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' या दोन शब्दांवर या देशात हजारो वर्षे माणसांची वाटणी झाली. आणि रसायनशास्त्र हे असे शास्त्र आहे, जे शुद्धता जन्मावरून ठरवत नाही, मोजून ठरवते. पदार्थ शुद्ध आहे की नाही हे त्याच्या वितळण्याच्या तापमानावरून कळते. त्यात भेसळ असली तर तो कमी तापमानाला आणि रेंगाळत वितळतो. तो कोणी आणला, कोणाच्या घरातून आला, हे थर्मामीटर विचारत नाही.

महाडचे उदाहरण घेऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर महाडच्या सनातन्यांनी तळे 'बाटले' म्हणून त्याचे शुद्धीकरण केले. तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या घागरी मंत्रघोषात तळ्यात बुडवल्या. आम्ही हा प्रसंग दरवर्षी व्याख्यानांतून सांगतो, आणि संतापतो. पण बीएस्सीच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग संतापाच्या पुढे नेला पाहिजे. त्याने विचारले पाहिजे : त्या 'शुद्धीकरणा'ने पाण्याचे नेमके काय झाले?

पाण्यातली सेंद्रिय घाण मोजण्यासाठी रसायनशास्त्रात एक मापन आहे, त्याला बीओडी म्हणतात. पाण्यातले सूक्ष्मजीव घाण कुजवताना किती प्राणवायू खातात, त्याचे ते माप. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण दोनशे ते चारशे मिलिग्रॅम असतो. आणि दुधाचा? लिटरला सुमारे एक लाख मिलिग्रॅम! आता साधा हिशेब करा. आपल्याकडच्या हवामानात स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एक लिटर दूध पूर्ण कुजताना सुमारे साडेबारा हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू फस्त करू शकते. शेण त्यात जंतूंची भर घालते ती वेगळीच. ओंजळभर पाणी पिणाऱ्या माणसांनी तळे घाण केले नाही. तळे घाण केले ते शुद्ध करणाऱ्यांनी. हे आम्ही भावनेच्या भरात बोलत नाही. बीएस्सीच्या विद्यार्थ्याला हे प्रयोगशाळेत करून दाखवता येते.

आणि हा प्रयोग करायला काय लागते? विंकलर पद्धतीने पाण्यातला प्राणवायू मोजताना मँगनीज सल्फेट, अल्कलीयुक्त आयोडाइड, आम्ल, थायोसल्फेट आणि शेवटी निळा रंग दाखवायला स्टार्च लागतो. मँगनीज आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळ डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघते. स्टार्च आमच्या धानातला प्रमुख घटक आहे. ज्या जमिनीखाली मँगनीज आणि जिच्या पाठीवर तांदूळ, त्या जमिनीवरच्या मुलांना हा प्रयोग फळ्यावर शिकावा लागावा, याला काय म्हणावे?

पिण्याच्या पाण्याचेच घ्या. भारतीय मानकानुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, पर्यायी स्रोत नसल्यास १.५. एकूण काठिण्याची मर्यादा २००, पर्याय नसल्यास ६००. नायट्रेट ४५. विदर्भातील अनेक गावांत फ्लोराइडने दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. पाण्याचे काठिण्य मोजणे हा पदवीच्या अभ्यासक्रमातला नेहमीचा प्रयोग. ईडीटीएचे थेंब पडत जातात आणि लालसर द्रावण एका क्षणी निळे होते. तो क्षण ज्या मुलाने आपल्या वस्तीतल्या हातपंपाच्या पाण्यावर अनुभवला, त्याला रसायनशास्त्र पाठ करावे लागत नाही. आणि ज्या वस्तीचा हातपंप गावाच्या शेवटच्या टोकाला, नाल्याच्या काठी खोदला आहे, तिथले नायट्रेट का जास्त, हा प्रश्न तो स्वतःच विचारू लागतो. कदाचित म्हणूनच ब्युरेट त्याच्या हाती द्यायला व्यवस्थेला उत्साह नसावा.

काल गुन्हा, आज वारसा?

मसुद्यातल्या मोहाकडे पुन्हा वळू. मोहफुलाचे रसायनशास्त्र नक्कीच शिकवावे. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. पाण्यात भिजवली की यीस्ट त्या साखरेचे इथाइल अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते, हे किण्वन. मग ते तापवून वाफ थंड केली की अल्कोहोल वेगळे होते, हे ऊर्ध्वपातन. मोहाच्या बियांचे तेल निघते, त्याचा साबण होतो, हे साबणीकरण. एका झाडावर पदवीच्या दोन वर्षांचे रसायनशास्त्र शिकवता येईल.

पण आमचा सवाल असा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मोहफुले साठवण्यावर आणि नेण्या-आणण्यावर निर्बंध होते. राज्य सरकारने २०२१ मध्ये ते शिथिल केले. मधल्या सत्तर वर्षांत याच फुलांपायी किती आदिवासी बायाबापड्यांच्या झोपड्यांवर धाडी पडल्या, किती मडकी फुटली, किती जण पोलीस ठाण्यात बसले? तेव्हा ते अडाण्यांचे व्यसन होते. विद्यापीठाच्या पानावर आले आणि लगेच 'प्राचीन भारतीय ज्ञान' झाले! ज्ञान जपणारी माणसे मात्र त्या पानावर नाहीत. वारसा घ्यायचा आणि वारसदाराला दाराबाहेर ठेवायचे, ही या देशाची जुनी रीत आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्ट बोलू. आम्ही पंचशील मानणारे लोक आहोत. बाबासाहेबांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दारूने आमच्या वस्त्यांची किती घरे बसवली, हे कोणाला सांगायला नको. म्हणून दारूचे गोडवे गाणारा धडा आम्हाला नको. दारूचे खरे रसायन सांगणारा धडा हवा. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती गरीब, मजूर माणसे होती. इथाइल अल्कोहोल आणि मिथाइल अल्कोहोल दिसायला सारखेच, पण मिथाइल अल्कोहोलचे शरीरात फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते, ते डोळ्याच्या नसा जाळते आणि माणूस आंधळा होऊन मरतो. दोहोंच्या रेणूत एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा फरक. एवढ्या फरकाने शंभर घरांतले कर्ते पुरुष गेले. हा धडा कोणत्या परंपरेच्या नावाखाली शिकवणार?

परंपरागत पदार्थाचा अभ्यास कसा करावा, याचा नमुना याच महाराष्ट्रात आहे. डॉ. कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारण्यात आला. संस्थेचे संचालक नोबेल विजेते सी. व्ही. रामन होते आणि नाकारण्याचे कारण एकच, ती स्त्री होती. ती हटली नाही. प्रवेश मिळवला, पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली. याच कमलाताईंनी पुढे नीरेचा अभ्यास केला. त्यांनी नीरेची महती गायली नाही. त्यातली जीवनसत्त्वे किती, लोह किती, कुपोषित मुलांना त्याचा उपयोग किती, हे तपासून दाखवले. ताडाच्या झाडातल्या रसाचा सन्मान असा होतो. वंदनेने होत नाही.

ज्ञान कोणाच्या हाताचे?

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. प्राचीन भारतीय रसायनाचा अभिमान बाळगणारे आज त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतात. पण त्याच राय यांनी हे शास्त्र भारतात का खुंटले याचीही कारणे दिली आहेत, ती मात्र कोणी सांगत नाही. जातिव्यवस्था घट्ट झाली, हाताने करायची कामे खालच्या मानलेल्या जातींवर ढकलली गेली, विचार करणारा वर्ग भट्टी आणि भांड्यांपासून दूर गेला आणि 'का' व 'कसे' विचारणारी बुद्धी आटली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे सांगणारे राय चळवळीचे नव्हते, ते नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. ज्या मसुद्यात प्राचीन वैभव येते, त्यात राय यांचे हे प्रकरण का येत नाही?

विचार करा. कातडे कमावणे म्हणजे काय? चुन्याच्या कुंडात केस सैल करणे, मग बाभळीची साल आणि हिरड्यातले टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेनशी जोडणे, जेणेकरून ते कुजणार नाही. हे शुद्ध रसायनशास्त्र आहे. ते ढोर, चांभार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले आणि त्याबद्दल त्यांना मिळाले काय? अस्पृश्यता! पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढवून लाख काढणे, ती वितळवून गाळून चपडा बनवणे, हे आमच्या पूर्व विदर्भातल्या आदिवासींचे आणि मजुरांचे काम. लाख हे नैसर्गिक बहुवारिक. त्यातून ॲल्युरिटिक आम्ल मिळते, जे सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात लागते. धान उकडून उसणा तांदूळ करताना कोंड्यातले ब जीवनसत्त्व दाण्यात उतरते, म्हणून उसणा खाणाऱ्याला बेरीबेरीपासून संरक्षण मिळते. भाताच्या तुसाच्या राखेत मोठ्या प्रमाणात सिलिका असते. गोंदियाच्या राइस मिलच्या मागे उभे असलेले तुसाचे काळे ढीग म्हणजे रसायनशास्त्राचे न उघडलेले पुस्तकच आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिले की जात नुसती कामे वाटत नाही, कामे करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते. भारतीय रसायनशास्त्राची शोकांतिका हीच आहे : ज्याच्या हाताला ठाऊक होते त्याला लिहू दिले नाही, आणि ज्याने लिहिले त्याने हात घाण केले नाहीत.

परमाणूचीही तीच गत. मसुद्यात परमाणुविचाराचा गौरव आहे. असू द्या. पण परमाणूची चर्चा फक्त वैशेषिकांनीच केली काय? जैनांनी केली. बौद्ध आचार्यांनी तर त्यावर शतकानुशतके वाद घातला. वैभाषिक परमाणू मानत होते. वसुबंधूंच्या 'अभिधर्मकोशा'त त्याची चर्चा आहे, आणि त्याच वसुबंधूंनी 'विंशतिका' या ग्रंथात परमाणूच्या कल्पनेवर कठोर प्रश्न विचारले. आपल्याच मताला प्रश्न विचारण्याची ही हिंमत खरी भारतीय ज्ञानप्रणाली आहे. ती शिकवा ना! शिवाय हेही मुलांना प्रामाणिकपणे सांगा की तत्त्वज्ञानातला परमाणू आणि डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वजनाच्या हिशेबाने मांडलेला अणू या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला तर्काने आला, दुसरा तराजूने आला. दोहोंची सरमिसळ केली की विद्यार्थ्याला ना तत्त्वज्ञान कळते ना रसायनशास्त्र.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. स्वतः पारखा आणि हिताचे ठरले तर स्वीकारा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या दारावर लावता येईल. आमचे कोणाच्या घरातल्या श्रद्धेशी भांडण नाही. ज्याला जी वंदना करायची ती त्याने आपल्या घरी करावी. पण संविधानाच्या अनुच्छेद ५१क (ज) ने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. सर्व धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्यांच्या पैशातून चालणाऱ्या विद्यापीठाच्या विज्ञानाच्या पानावर एकाच धर्माची देवता कशासाठी? आणि आमच्या मुलीसाठी शाळेचे दार कोणी उघडले, हे तर इतिहासाला ठाऊक आहे. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीमाई उभे राहिले, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण फेकणारे कोण होते?

बाबासाहेबांचे १९४२ चे निवेदन

आपल्या समाजात एक समज आहे की बाबासाहेब कायदा, अर्थशास्त्र आणि राजकारणाचे. विज्ञानाशी त्यांचा काय संबंध? हा समज चुकीचा आहे. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात त्यांनी मांडले की कला आणि कायद्याच्या पदवीने अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. पण हे शिक्षण इतके खर्चिक आहे की सरकारने मदत केल्याशिवाय ते त्यांच्या आवाक्यात येणार नाही. म्हणून विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वर्षाला दोन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या, आणि परदेशी शिक्षणासाठी वेगळी तरतूद त्यांनी मागितली. त्या लढ्यातूनच १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तिथे कलेबरोबर विज्ञानही शिकवले गेले.

म्हणजे आज सडक अर्जुनीच्या मुलीच्या खात्यावर जी शिष्यवृत्ती जमा होते, किंवा महिनोन्‌महिने जमा होत नाही, तिचे मूळ विज्ञान शिक्षणाच्या मागणीत आहे! डिसेंबर २०२० मध्ये या योजनेचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा ठरला. अर्ज ऑनलाइन झाले. पण आधार जोडणी अडली, पोर्टल बंद पडले, कॉलेजने प्रस्ताव उशिरा पाठवला, अशा कारणांनी पैसे रखडतात आणि मधल्या काळात मुलगी बसभाडे कशातून देणार हा प्रश्न कोणत्याही पोर्टलवर विचारलेला नसतो. विज्ञान शाखेला कलाशाखेपेक्षा खर्च अधिक : ॲप्रन, जर्नल, प्रॅक्टिकलची फी, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणे, त्यामुळे चुकलेली शेवटची एसटी. या खर्चापायीच बारावी विज्ञान झालेली किती मुले बीएला जातात! मग आम्हीच म्हणतो, पोरांना विज्ञान झेपत नाही.

रसायनशास्त्राच्या पदवीधराला वाटा कमी नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा, अन्न व औषध प्रशासन, न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळा, औषध कंपन्या, तिरोड्याचे ३३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, जिथे बॉयलरच्या पाण्याची शुद्धता रोज तपासावी लागते. पण या साऱ्या ठिकाणी हाताला सवय असलेला माणूस हवा असतो. फळ्यावर शिकलेला तिथे टिकत नाही. वर्गात वाचलेले वर्णपटशास्त्र ज्याने यंत्रावर कधी पाहिलेच नाही, तो मुलाखतीत काय सांगणार?

मग करायचे काय?

मसुद्यावर हरकती नोंदवणे हे झाले एक काम. पण आम्ही नुसती हरकत घेऊन थांबलो तर वंदना जाईल आणि प्रयोगशाळा येणार नाही. म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत.

पहिली : विज्ञान शाखेला मान्यता देताना आणि मूल्यांकन करताना इमारत, फलक, कार्यक्रमांचे फोटो पाहण्याआधी एका वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले हे तपासा. प्रयोगशाळा साहाय्यकाची आणि प्राध्यापकांची रिक्त पदे भरा. तासिका तत्त्वावरच्या, उद्या असेल की नाही ठाऊक नसलेल्या शिक्षकाकडून शास्त्रज्ञ घडवता येत नाहीत.

दुसरी : पहिल्या सेमिस्टरला मराठी आणि इंग्रजी दोन्ही संज्ञा शेजारी-शेजारी देणारे पुस्तक प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्या. मराठीत विद्यापीठीय विज्ञानाची पुस्तके काढण्यासाठी याच नागपुरात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ काम करीत होते. त्या कामाला पुन्हा जीव द्या. इंग्रजी आम्हाला हवीच आहे, ती जगाची भाषा आहे. पण ती शिडी म्हणून हवी, भिंत म्हणून नको.

तिसरी : भारतीय ज्ञानप्रणाली शिकवायचीच असेल तर ढोरांची कातडी कमावण्याची विद्या, आदिवासींचे मोह आणि लाख, ढिवरांचे तलावाचे ज्ञान त्यात आणा. त्या समाजांच्या नावासह आणा, आणि प्रत्येक दावा प्रयोगाने तपासून आणा. जे टिकेल ते ठेवा, जे टिकणार नाही ते सोडा.

चौथी मागणी सरकारकडे नाही, ती आपल्या समाजाकडे आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या वस्तीतल्या बीएस्सीच्या मुला-मुलींनी त्या महिलांच्या सोबत बसावे. प्रत्येक बुद्धविहाराने वर्षातून एकदा, २० मार्चला, आपल्या वस्तीतल्या विहिरीचे, हातपंपाचे आणि तलावाचे पाणी तपासावे. आकडे फलकावर लिहावे आणि ग्रामपंचायतीला लेखी द्यावे. महाडच्या दिवसाचे याहून चांगले अभिवादन आम्हाला सुचत नाही. पुतळ्याला हार घालायला दहा मिनिटे लागतात. त्यानंतर उरलेला दिवस मोकळाच असतो.

आणि आईवडिलांना आमची हात जोडून विनंती : मुलगी विज्ञान घेते म्हणाली तर खर्चाचे कारण सांगून तिला मागे ओढू नका. एखाद्या लग्नाचा, एखाद्या मिरवणुकीचा खर्च कमी करा, पण तिचे प्रॅक्टिकल चुकू देऊ नका. चळवळीतल्या नोकरदारांनी आपल्या गावच्या एका विद्यार्थ्याचे तीन वर्षांचे बसभाडे आणि जर्नलचा खर्च उचलावा. समाजाचे ऋण फेडणे याहून वेगळे काही नसते.

आमच्या पूर्वजांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन सिद्ध केले की ते पाणी आमचेही आहे. त्या पाण्यात काय आहे आणि ते किती शुद्ध आहे, हे मोजण्याचे काम आता आमच्या मुलांचे आहे. ते काम त्यांच्याकडून हिरावून घेऊ देऊ नका.

जयभीम!